हिराची रिकामी काठी

खळ्यावर परत बांबू उभे राहिले. दिवाळी सरली, वारा फिरला, की आमच्या वेसाव्यात हे काम निघतंच. उभे बांबू रोवायचे, त्यांना आडव्या काठ्या बांधायच्या, आणि त्या मांडवावर बोंबील वाळत घालायचे. लांबून बघितलं तर वाटतं कुणी पांढरी झालर लावली आहे. जवळ गेलं की वास. अंधेरीहून येणारी माणसं बसमधून उतरता उतरता नाकाला रुमाल लावतात. मला त्या वासानं भूक लागते. आता हल्ली भुकेबरोबर डोकंही फिरतं. का फिरतं ते धड सांगता येत नाही म्हणून लिहायला बसलो.

माझं शिक्षण म्हणाल तर मराठी तिसरी पुरी आणि चौथी अर्धी. उरलेली चौथी मास्तरांनी मारलं म्हणून राहिली. पण लिहितो मी स्वतःच्या हातानं, कुणाकडून लिहून घेत नाही. अक्षर वाकडं असेल, माणूस वाकडा नाही. पंचवीस वर्षं नाखवा होतो, माझी स्वतःची होडी होती, आठ खलाशी हाताखाली. खळ्यावर उभं राहून मी एकदा बोललो की ते बोललो. मागे घ्यायची पद्धत नव्हती. पद्धत कुणी पाडली होती विचाराल तर मीच.

ज्या हिवाळ्याचं सांगायचंय तो चीनच्या लढाईनंतरचा. पुढचा की त्याच्या पुढचा, यावरून माझं आणि बायकोचं अजून भांडण आहे. बायको चांगुणा म्हणते पुढचा. माझं म्हणणं त्याच्या पुढचा, कारण आमची लेक हिरा अकरावीत होती, आणि तेव्हा अकरावीला मॅट्रिक असायची. पोरगा धर्मा तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, शाळा सोडून माझ्याबरोबर होडीवर येत होता.

त्या साली माझ्या डोक्यात बसलं की पोरांना जपायला शिकवलं पाहिजे. हातात आलेलं कसं राखायचं आणि त्यातून हवं तिथं कसं पोचायचं, हे त्यांना मी शिकवणार. आमच्यात पैसा बायकांच्या हातात. पुरुषानं मासळी आणायची, बायकोनं ती बाजारात विकायची, आणि पुरुषानं तंबाखूला तिच्याकडे हात पसरायचा. म्हणजे जपणं शिकवायचं काम खरं तर चांगुणाचं होतं. ती हसली. "तू शिकवणार? गेल्या शिमग्याला धोतर कुठं ठेवलंस ते सापडलं का?" मी म्हटलं, माझ्याकडे वेगळं शिक्षण आहे.

आणि होतंच. पाण्याच्या दोन चाली असतात. अमावास्या-पुनवेला उधाण, पाणी जोरात धावतं, जाळं भरून येतं. अष्टमीच्या आसपास भांग, पाणी मरतं, जाळ्यात कचरा येतो. तर उधाणात मिळवायचं आणि भांगासाठी ठेवायचं. दुसरं म्हणजे खुणा. भर समुद्रात जाळं बांधायला रोवलेले आपले खुंट सापडतात कसे? किनाऱ्यावरच्या दोन खुणा धरून. एक जवळची, समजा देवळाचा कळस, आणि एक लांबची, मागचा डोंगर. दोन्ही एका रेषेत आल्या की होडी बरोबर चालली. एका खुणेवर होडी नेणारा माणूस फसतो. हे मी पोरांना जेवताना सांगायचो. धर्मा मान हलवायचा. हिरा जेवायची.

मग मी दोघांना एकेक काठी दिली. आमच्या मांडवातल्या समुद्राकडच्या दोन काठ्या, जिथं वारा सगळ्यात चांगला. रोज माझ्या वाट्यातली एकेक टोपली बोंबील त्यांना. आपल्या हातानं वाळवायचे, आपल्या मर्जीनं विकायचे, आणि शिमग्यानंतर आपल्याला हवं ते घ्यायचं. अट दोनच. कुणाची मदत घ्यायची नाही. आणि कशासाठी वाळवतो आहोत ते आधी सांगायचं.

"धर्मा, तुझं काय?"

"नायलॉनचं जाळं."

"शाबास. हिरे, तुझं?"

"हाय एक."

"काय?"

"नाय सांगत."

"सांगितल्याबिगर काठी नाय मिळणार."

"मग नको देऊस." असं म्हणून ती ताटावरून उठली. तेव्हा चांगुणा म्हणाली, "पोरीच्या मनातलं काढून काय कालवण करायचंय तुला? दे की काठी." मी दिली. पण ती गोष्ट माझ्या घशात काट्यासारखी राहिली. नाखव्यानं विचारलं आणि पोरगी म्हणते नाही सांगत.

त्या हिवाळ्यातलं आता काय काय आठवतं! पहाटे होडी ढकलताना पायाला लागणारी गार वाळू. किनाऱ्यावर टोपल्या उतरल्या की आरडाओरडा, कावळे, मांजरं, बायकांच्या शिव्या. दुपारी खळ्यावर गेलं की वाऱ्यात वाळत्या बोंबलांचा कागदासारखा आवाज. धर्माची काठी तिसऱ्या दिवशीच भरली. रोज वाळलेले काढायचा, ओले लावायचा. येणारे-जाणारे म्हणायचे, नाखव्याचा पोरगा नाखवाच.

आणि हिराची काठी रिकामी.

पहिल्या आठवड्यात वाटलं, अभ्यास असेल. दुसऱ्या आठवड्यात उधाण आलं, मासळी अशी पडली की काठ्या कमी पडायला लागल्या. हिराची काठी नुसता बांबू. वर कावळा बसलेला. आणि ती कुठं? मागच्या दारी पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली. आता मी काय म्हणू, आमच्या डोळ्याला बसलेला माणूस बसलेलाच दिसतो. मांडीवर पुस्तक आहे का जाळं, हे बघायचं असतं, ते मी बघितलं नाही.

तिची टोपली जात होती पारूमावशीकडे. पारूमावशी शेजारची विधवा, घरात होडीवर जाणारा पुरुष नाही, त्यामुळे वाटा नाही. हिरा रोज आपली टोपली उचलून तिच्या दारात ठेवायची. पारूमावशीची काठी भरलेली, माझ्या पोरीची रिकामी. मी म्हटलं, म्हातारीनं पोरीला गुंडाळली.

बुधाजी म्हणून दुसरा नाखवा होता. त्याचं आणि माझं खुंटांच्या जागेवरून जुनं वाकडं. हिवाळा सरत आला तेव्हा तो एक दिवस भर खळ्यावर मोठ्यांदा म्हणाला, "काय नाखवा, लेकीच्या काठीवर कावळे सुकवायला घातलेस का?"

सगळं खळं हसलं. बायका हसल्या, खलाशी हसले, माझेही हसले. माझ्या कानातून वाफ निघाली. मी तिथंच ओरडलो, "आजपासून हिराचा वाटा बंद. ज्याला जपता येत नाय त्याला मासळी नाय." हिरा तिथंच होती, हातात टोपली. तिनं टोपली खाली ठेवली आणि घराकडे गेली. मागे वळून बघितलं नाही. चाल माझीच.

दुसऱ्या दिवशी होडीवरून आलो तर पारूमावशी दारात. "नाखवा, तुला कोणी मधी बोलावला रं?"

"मावशी, तू पोरीला लुटत होतीस."

"लुटत होते? विहिरीवरच्या तीन खेपा सकाळी कोण मारत होतं? तुमची भांडी कोण घासत होतं? चूल कोण सारवत होतं? मी. ते सगळं हिराचं काम, ते मी करत होते. मला टोपली, तिला पुस्तक. आमचा सौदा होता. तू मधी पडून मोडलास."

मी म्हटलं, "मग मला सांगायचं होतं."

"विचारलंस कुठं? खळ्यावर नुसता बोंबललास."

विहीर आमच्या घरापासून लांब, पार गावाच्या टोकाला. सकाळच्या तीन खेपा म्हणजे दोन तास जातात, मान मोडते ती वेगळी. चांगुणा पहाटेच बाजाराला जायची, तेव्हा हे काम हिराचंच होतं. परीक्षेला महिना राहिला होता. आता खरं तर सोपं होतं. खळ्यावर जायचं आणि म्हणायचं, वाटा चालू. दोन शब्द. मला ते जमलं नाही. मी दोनदा गेलो खळ्यावर. एकदा बुधाजी दिसला आणि परत आलो. दुसऱ्यांदा बुधाजी नव्हता, तरी परत आलो. याचं कारण मला तेव्हा ठाऊक होतं. आज ते कारण शोधतो तर हाताला लागत नाही.

मग मी चोरून केलं. माझ्या वाट्यातली टोपली पारूमावशीकडे पाठवली आणि सांगितलं, पाणी भर, हिराला बोलू नकोस. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी हिरा हंडा घेऊन माझ्यासमोर उभी.

"मावशीकडं टोपली कोणाची गेली?"

"माझी."

"मग तिनं भरलेलं पाणी पण तुझं. तू पी." आणि हंडा घेऊन निघाली. दारातून म्हणाली, "कोणाची मदत घ्यायची नाय, तूच बोललास ना?"

चांगुणा चुलीजवळून म्हणाली, "घे. शिकवलंस ना? शिकली."

मला राग आला होता. आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं होतं. पोरगी शब्दाची पक्की निघाली. राग आणि बरं वाटणं एकाच वेळी कसं येतं हे मला अजून कळलेलं नाही. उधाण आणि भांग एका दिवशी येत नाहीत.

शिमगा आला. सगळा कोळीवाडा नाचत होता, होळीभोवती बायका नटून उभ्या, आणि हिरा किनाऱ्यावर ओढलेल्या होडीच्या सावलीत पुस्तक धरून. सकाळी तीन खेपा पाणी, मग शाळा, मग घरकाम, आणि उरलेल्यात पुस्तक. डोळे खोल गेले होते. मी एकदा जवळून गेलो आणि म्हटलं, "काय वाचतेस?" ती म्हणाली, "पुस्तक." तेवढंच बोलणं झालं त्या महिन्यात.

धर्मानं शिमग्यानंतर नायलॉनचं जाळं घेतलं. पांढरं, हलकं, वाळवायला सोपं. गावात दुसरंच नायलॉनचं जाळं ते. मी त्याला हळद-कुंकू लावून नारळ फोडला.

निकाल पावसाच्या तोंडाला लागला. होड्या वर काढलेल्या, सगळे पुरुष रिकामे, म्हणून गर्दी भरपूर होती. हिरा पास. सेकंड क्लास. आमच्या आळीतली मॅट्रिक झालेली पहिली मुलगी. मी अंधेरीला जाऊन पेढे आणले आणि घरोघर वाटले, बुधाजीच्या घरी दोन जास्त दिले. सगळ्यांना सांगितलं, वाटा तोडला म्हणून पोरगी पेटून उठली, असं शिकवावं लागतं पोरांना. हिरा भिंतीला टेकून रडत होती. मी म्हटलं, आनंदानं रडते. पेढा तिच्या तोंडात मी स्वतः घातला. तिनं तो चावला की नाही ते मला आठवत नाही.

पुढं ती टायपिंग शिकली, अंधेरीच्या एका शाळेत क्लार्क लागली, लग्न झालं, जोगेश्वरीला राहते. जावई चांगला आहे. सगळं ठीक. माझं गणितही ठीक होतं. चौदा वर्षं ठीक होतं.

मध्येच धर्माचं सांगतो. ज्यानं काठी भरली, जाळं घेतलं, तो आज होडीचा मालक आहे, होडीला इंजिन बसवलं आहे, आणि हातात काही म्हणून टिकत नाही. उधाण आलं की पाव्हणे-रावळे, भांग आला की बायकोपुढं हात. मग मी त्याला काय शिकवलं? आणि जिचा वाटा तोडला, तिच्या घरी साखरेचा डबा कधी रिकामा नसतो. यात माझं किती, चांगुणाचं किती, आणि कुणाचंच नाही असं किती? मला वाटे पाडता येतात. होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, खलाशाचा वाटा. याचे वाटे मला पडत नाहीत.

तर गेल्या आठवड्यात हिरा नोकरी करते त्या शाळेतल्या मास्तरांनी मला बोलावलं. नववीच्या मुलांना काही सांगा म्हणाले, तुम्ही कसे कष्टानं पुढं आलात, जे हातात आहे ते मुलांनी कसं जपावं, डोळ्यासमोर ध्येय कसं ठेवावं. मी टोपी धुऊन घेतली. मुलांना उधाण-भांग सांगितलं, दोन खुणा सांगितल्या, आणि मग हिराच्या काठीची गोष्ट सांगितली, नाव न घेता. वाटा तोडला, पोरगी जिद्दीला पेटली, मॅट्रिक झाली, आम्ही पेढे वाटले. मुलांनी टाळ्या वाजवल्या. हिरा दारात हजेरीपत्रक घेऊन उभी होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, पण हात भरलेले होते म्हणून मी मनावर घेतलं नाही.

बसस्टॉपपर्यंत सोडायला आली. मी म्हटलं, "कसं बोललो?"

"झकास."

"मग तोंड का असं?"

तिनं हजेरीपत्रक काखेत मारलं. मग म्हणाली, "बाबा, मला फर्स्ट क्लास पायजे होता. आमच्या शाळेच्या मोठ्या बाई बोलल्या होत्या, फर्स्ट क्लास आण, कॉलेजची फी माफ करून देते. अकरा मार्कांनी गेला."

"कॉलेज? कॉलेजात काय करणार होतीस?"

"माशांचं शिकायचं होतं. शिकवतात तिथं. बोंबील कुठून येतो, कुठं जातो, मधीच का येत नाय."

"अगं, ते मला विचारायचंस!"

"विचारलं होतं. तू बोललास, येतो आणि जातो."

मी हसलो. ती हसली नाही.

"फी मी दिली असती. आईनं दिली असती."

"दिली असती. मग ते तुमचं झालं असतं."

मी बोटं मोजायला लागलो. वाटा तोडला त्यापासून परीक्षेपर्यंत साधारण सत्तावीस सकाळी होतात. सत्तावीस सकाळचं पाणी म्हणजे किती मार्क? अकरा होतात का? कमी होतात? हे गणित कुठल्या इयत्तेत शिकवतात? शेवटी विचारलंच. चांगुणाला कधी विचारलं नव्हतं, धर्माला विचारलं नव्हतं, तिला विचारलं.

"माझ्यामुळं हुकलं का गं?"

मला वाटलं म्हणेल, नाही रे बाबा. मुली तसं म्हणतात.

"हो," ती म्हणाली. "तुझ्यामुळं. आणि मी मावशीचं पाणी परत पाठवलं, ते माझं." मग शाळेची घंटा झाली आणि ती रस्ता ओलांडून गेली.

हे ऐकून छाती फुटायला हवी होती. फुटली नाही. उलट काहीतरी हलकं झालं, आणि हलकं झालं म्हणून मला लाज वाटली. घरी येऊन चांगुणाला सांगितलं. ती सुकट निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ठाऊक हाय मला."

"कधीपासून?"

"तू पेढे वाटत होतास तेव्हापासून."

"आणि बोलली नाहीस?"

"तुझं तोंड बघितलं असतंस तेव्हा. असं फुललं होतं. बोलायला कोणाची जीभ वळली असती?"

म्हणजे चौदा वर्षं घरातले सगळे माझ्या पेढ्यांना जपत होते, आणि मी शाळेत जाऊन मुलांना जपायचं शिकवून आलो.

काल सकाळी मी खळ्यावर गेलो. टोपल्या उतरत होत्या, गर्दी होती. मध्ये उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, "हिराचा वाटा मी बंद केला होता. ते चुकलं. आजपासून चालू."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बुधाजीला जाऊन सात वर्षं झाली. पारूमावशी त्याच्या आधीच गेली. तेव्हा हसलेल्यांपैकी तीन-चार म्हातारी माणसं होती, त्यांनाही आठवेना. एक तरुण खलाशी म्हणाला, "नाखवा, कोण हिरा? क्लार्कबाई? तिला कसला वाटा? तब्येत बरी हाय ना?" दोघं-तिघं हसले. ज्या शब्दापायी मी चौदा वर्षं मान ताठ ठेवली, तो मागे घेतल्याचं कुणाला काही वाटलं नाही. शब्द जड फक्त मलाच होता की काय, कळेना.

धर्मानं मात्र काही विचारलं नाही. एक टोपली बाजूला काढली आणि माझ्या पायाशी ठेवली. "हा घे हिराचा. पण जोगेश्वरीला न्यायचा तर बर्फ पायजे. नायतर दुपारपर्यंत पाणी होईल."

टोपली तिथं, मी तिथं. चौदा वर्षं उशिरा आलेल्या मासळीचं काय करायचं असतं? नेली तर हिरा म्हणेल, कशाला. ठेवली तर सडेल. ऊन चढत होतं. मग मी खाली बसलो आणि एक बोंबील उचलला, दुसरा उचलला. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा, की जोडी काठीवर राहते. आयुष्यभर बघत आलो. आमच्या घरी ते काम बायकांनी आणि पोरांनी केलं, मी कधी हात लावला नव्हता. पहिली जोडी काठीवर टाकली, सुटून वाळूत पडली. दुसरी पडली. तिसरीही. लोक थांबून बघत होते.

चांगुणा आली. कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"अरे, वरचा जबडा खाली घाल. कसला नाखवा तू?"

ती शेजारी बसली. ती दाखवत गेली, मी अडकवत गेलो. दुपारी बोंबलांना पाणी सुटायला लागलं तेव्हा काठी अर्धी भरली होती, आणि उरलेले वाया गेले.